शिसं डावीकडे, कल उजवीकडे: एका मॉडेल बोटीच्या टॉर्कचं प्रकरण

रिमोटवर पळणारी ही बोट इंदूरची, रामबागेतल्या एका कॉलेजकुमाराची. फायबरग्लासचं अंग, लांबी ६८० मिलिमीटर, रुंदी १९०, तळ खोल व्ही आकाराचा, बॅटरीसकट वजन १.८५ किलो. आत ३६६० मापाची २०७० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला २०७० फेरे) ब्रशलेस मोटर, ९० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग-नियंत्रक, आणि तीन सेलची ३९० ग्रॅमची लायपो बॅटरी. मोटरपासून पंख्यापर्यंत ४ मिलिमीटरचा फ्लेक्स शाफ्ट, म्हणजे तारेचा लवचीक दांडा. मागच्या पाटीवर मधोमध शाफ्टचं टोक धरणारा स्ट्रट, त्याच्या उजवीकडे सुकाणू, आणि दोन्ही कडांना एकेक ट्रिम टॅब, म्हणजे तळाला जोडून मागे निघालेली छोटी पट्टी.

तक्रार अशी: सरळ पळवली तरी बोट उजव्या अंगावर कलते आणि वेग वाढेल तसा कल वाढतो. उजवीकडे वळवली तर गर्रकन वळते. डावीकडे वळवली की बाहेरच्या बाजूला कोलमडून पालथी होते. उन्हाळ्याआधी ती अशी वागत नव्हती. उन्हाळाभर ती घरी पडून होती, आणि नंतर पहिल्यांदा पाण्यात सोडताना ३६ मिलिमीटरचा पंखा काढून ४० चा लावला होता.

त्याच्या मामांनी उपाय सांगितला होता, "उजवीकडे झुकतेय ना? मग डावीकडे वजन टाक." म्हणून गाड्यांची चाकं बॅलन्स करणाऱ्या दुकानातून शिशाच्या दहा-दहा ग्रॅमच्या चिकटपट्ट्या आणल्या आणि पंधरा पट्ट्या डाव्या कडेला आतून चिकटवल्या. मध्यरेषेपासून ७० मिलिमीटरवर एकूण १५० ग्रॅम. आता बोट उभी असताना डावीकडे पाच-साडेपाच अंश कलू लागली, हळू चालवताना वेडीवाकडी जाऊ लागली, आणि पूर्ण थ्रॉटलला उजवीकडेच कलत राहिली. "मामा, शिसं लावलं डावीकडे, अन् झोपते उजवीकडेच!" हे त्याचं वाक्य सगळ्या प्रकरणाचं सार आहे.

कल कुठून येतो

या बोटीचा पंखा डाव्या हाताचा आहे, म्हणजे मागून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरून बोट पुढे ढकलतो. मॉडेल शर्यतीच्या बोटींत एकच पंखा असेल तर तो बहुतेक असाच असतो. मोटर पंख्याला एका दिशेनं पिळते तेव्हा पंख्यातलं पाणी त्या पिळाला विरोध करतं, आणि तेवढाच पीळ, म्हणजे टॉर्क, उलट दिशेनं मोटरच्या माउंटमधून बोटीच्या अंगावर येतो. मागून पाहिलं तर हा पीळ घड्याळाच्या दिशेचा, म्हणून उजवी कड खाली जाते. पंखा उजव्या हाताचा असता तर डावी कड खाली गेली असती. कोणत्याही दुरुस्तीला हात घालण्याआधी आपला पंखा कोणत्या हाताचा आहे हे मागे उभं राहून एकदा पाहून घ्यावं. पुढची सगळी डावी-उजवी त्यावरच ठरते.

अर्धवट पाण्याबाहेर फिरणाऱ्या पंख्यात आणखी एक जोर असतो. खालची पाती पाण्यात, वरची हवेत. डाव्या हाताच्या पंख्याची खालची पाती उजवीकडे जातात, पाणी उजवीकडे ढकलतात, म्हणून बोटीचं शेपूट डावीकडे सरकतं आणि तोंड उजवीकडे ओढलं जातं. हा आडवा जोर बोटीच्या गुरुत्वमध्याच्या खाली लागत असल्यामुळे तोही तिला उजवीकडेच कलवतो, म्हणजे टॉर्कच्या कलात भरच घालतो.

आता आकडे. या बोटीला ४० चा पंखा लावून पूर्ण थ्रॉटलला साधारण ६५ अँपिअर आणि १०.५ व्होल्ट, म्हणजे ६८० वॉट जातात. त्यातले ८० टक्के शाफ्टपर्यंत पोचतात असं धरलं तर ५४५ वॉट. फेरे मिनिटाला सुमारे १८,५००. यातून टॉर्क निघतो ०.२८ न्यूटन-मीटर. वजनाच्या भाषेत हा २,८७० ग्रॅम-सेंटिमीटर होतो.

मामांचं शिसं १५० ग्रॅम, ७ सेंटिमीटरवर, म्हणजे १,०५० ग्रॅम-सेंटिमीटर. लागणाऱ्याच्या जेमतेम ३७ टक्के. पूर्ण टॉर्क वजनानंच फेडायचा ठरवला तर ३९० ग्रॅमची बॅटरी मध्यरेषेपासून ७३ मिलिमीटर सरकवावी लागेल, आणि ती तर कडेतून बाहेर डोकावेल. शिवाय ती कशीबशी बसवली तरी बोट किनाऱ्यावरून सोडतानाच डावीकडे पंधरा अंशांपेक्षा जास्त लवंडलेली असेल.

मुद्दा फक्त वजन कमी पडण्याचा नाही. शिशाचा जोर उभ्या बोटीत जेवढा असतो तेवढाच पूर्ण वेगात असतो. टॉर्क मात्र फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: अर्ध्या फेऱ्यांना पाव टॉर्क, पूर्ण फेऱ्यांना पूर्ण. म्हणून वजनानं टॉर्क फक्त एका वेगाला नेमका फिटतो, त्याखाली बोट डावीकडे पडते आणि त्यावर उजवीकडे. ट्रिम टॅबचा उचलण्याचा जोरही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तळ पाण्यावर उचलला गेला की टॉर्क आणि टॅब दोन्ही जवळजवळ एकाच चालीनं वर चढतात. म्हणून वेगात धावणाऱ्या बोटीचा टॉर्क टॅबनं फेडावा आणि वजनाला मदतनीसाचं काम द्यावं.

चाचणी

पहिलं काम सगळं शिसं काढून टाकण्याचं. पट्ट्यांखालचा डिंक हेअर ड्रायरनं गरम केला की सुटतो. चाकूनं ओरबाडला तर आतला फायबरग्लास खरवडला जातो.

मग हौदात तरंगवणी. बॅटरी वेल्क्रोवर मधोमध, झाकण टेप लावून बंद, आणि मागच्या पाटीवर आडवी काळी इन्सुलेशन टेप. त्या टेपवर छोटी पाणसळ धरली. बोट सरळ तरंगली. म्हणजे वजनाचा किंवा आत साचलेल्या पाण्याचा दोष नाही. पाण्याची तपासणी बोट पळवून आल्यावरही करावी, कारण शाफ्टच्या नळीतून शिरलेलं ५०-६० मिलिलिटर पाणी वळणावर एका कडेला धावतं आणि टॉर्कच्या कलासारखंच दिसतं.

खरा निवाडा होतो तो थ्रॉटल सोडण्याच्या चाचणीत. इंदूरजवळची मोठी तळी यासाठी वापरू नयेत. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली आहेत. तिथं पक्ष्यांचा मुक्काम असतो आणि ताशी ४८ किलोमीटर वेगानं जाणाऱ्या बोटीला तिथं जागा नाही. महूकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं एक खासगी शेततळं मालकाच्या परवानगीनं वापरलं. सकाळी सात ते नऊ, वारा उठायच्या आत. शेततळ्याचे उतार प्लॅस्टिकच्या पन्नीचे असतात, लाट त्यांवर आपटून परत येते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटं पाणी शांत होऊ द्यायचं, नाहीतर लाटेचा हेलकावा टॉर्कच्या खात्यात मांडला जातो.

चाचणी अशी: फोन तिपाईवर, बोटीच्या बरोबर मागे, स्लो मोशनवर. बोट फोनपासून सरळ दूर पळवायची, वेग स्थिर झाल्यावर थ्रॉटल एकदम सोडायचं. थ्रॉटल सुटताच टॉर्क जातो, पण वेग क्षणभर तसाच राहतो. त्याच क्षणाच्या चित्रात पाटीवरची काळी टेप आणि पलीकडच्या काठाची रेघ यांतला कोन मोजायचा. कल पूर्ण गेला तर दोष टॉर्कचा. कल तसाच राहिला तर दोष तळाचा किंवा टॅबचा.

इथं पूर्ण थ्रॉटलला कल ११ अंश होता. थ्रॉटल सोडल्यावर तो ४ अंशांवर आला आणि बोट हळू होईपर्यंत तिथंच राहिला. म्हणजे ११ मधले सात टॉर्कचे, आणि चार दुसऱ्या कुणाचे तरी.

ते चार सापडले सहा इंची स्टीलच्या पट्टीखाली. बोट उलटी करून पट्टी तळाला लांबीच्या दिशेनं टेकवली, अशी की तिचं मागचं टोक टॅबवर येईल. डाव्या टॅबवर पट्टी पूर्ण बसली. उजव्या टॅबवर पट्टी आणि टॅबच्या मागच्या टोकाच्या मध्ये उजेडाची बारीक पाचर दिसली, पुढे बंद आणि मागे उघडी. फटी मोजायच्या फिलर गेजची ०.७० मिलिमीटरची पात त्या फटीत अडकून बसली. टॅबची लांबी ३० मिलिमीटर आहे. त्या लांबीवर एक अंश म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, तेव्हा टॅब तळापेक्षा १.३ अंश वर वाकलेली होती.

वर वाकलेली टॅब बोटीला खाली ओढत नाही, आधार देणं सोडते. डावी टॅब तळाचंच वाढलेलं टोक म्हणून पाण्यावर उभी होती, उजवी पाण्यापासून सुटली होती. ती वाकली कशी याचं उत्तर अवघड नव्हतं: उन्हाळाभर बोट कपाटाच्या मागे शेपटीवर उभी ठेवली होती, आणि सगळा भार एका टॅबवर होता.

आणि टॉर्कचे सात अंश? ते पंख्यानं वाढवले. एकाच घडणीच्या पंख्यांमध्ये, फेरे तेच राहिले तर, टॉर्क व्यासाच्या पाचव्या घातानं वाढतो. ३६ वरून ४० म्हणजे व्यास ११ टक्क्यांनी वाढला, टॉर्क मात्र १.६९ पट. प्रत्यक्षात ओझ्यानं फेरे थोडे पडतात आणि अर्धा पंखा हवेत असतो, म्हणून वाढ एवढी नेमकी येत नाही, पण दिशा तीच. ३८ चा घेतला असता तर वाढ १.३१ पट झाली असती. शंभर-सव्वाशे मीटरच्या शेततळ्याला आमच्या मते ३८ पुरेसा आहे. मालकाला ४० च हवा होता, त्यामुळे पुढची सगळी जुळवणी ४० वर आहे.

स्ट्रटही पाहून घेतला. शाफ्टचा मध्य तळाच्या कण्याच्या पातळीत आणि तळाला समांतर होता, म्हणून त्याला हात लावला नाही. स्ट्रट वर असेल तर पंखा जास्त हवेत जातो, आडवा जोर वाढतो आणि कलही. अशा वेळी टॅब वाकवण्याआधी स्ट्रट जागेवर आणावा.

दुरुस्ती

एका फेरीला एकच बदल, आणि प्रत्येक फेरी पूर्ण भरलेल्या बॅटरीवर. बॅटरी अर्धी उतरली की फेरे पडतात, टॉर्क पडतो, आणि टॅबनं काम केलं असा भास होतो. हा घोळ फार जणांकडून होतो.

या बोटीच्या टॅबना कोन जुळवायचे स्क्रू नाहीत. दीड मिलिमीटर अ‍ॅल्युमिनिअमच्या काटकोनी पट्ट्या पाटीवर दोन एम३ स्क्रूंनी बसवल्या आहेत. त्या वाकवताना पक्कड थेट लावली तर कडेला दाते उमटतात आणि पाणी तिथं फुटतं. सागाच्या दोन चपट्या तुकड्यांत टॅब धरून, पक्कड तुकड्यांवर लावून, पूर्ण रुंदीला एकसारखी वाकवायची. अ‍ॅल्युमिनिअम एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा वाकवलं की तडकतं. चार-पाच वेळांपेक्षा जास्त फेरफार लागणार असेल तर सियागंजातून पट्टी आणून नवी टॅब कापलेली बरी.

उजवी टॅब आधी तळाच्या पातळीत आणली, स्टीलच्या पट्टीखालचा उजेड बंद होईपर्यंत. कल ११ वरून ७ वर आला, थ्रॉटल सोडल्यावर शून्य. निदान बरोबर होतं.

मग ती टॅब मागच्या टोकाला ०.३ मिलिमीटर खाली घेतली. आता मोजणी उलटी होते: पट्टी टॅबवर टेकवली की फट तळाकडे पडते. म्हणून पट्टी तळावर घट्ट धरून, टॅबचं टोक तिला किती वर ढकलतं ते डाव्या टॅबच्या तुलनेत व्हर्नियरनं मोजलं. कल ४ अंश. ०.६ ला २ अंश. ०.९ ला कल शून्य झाला, पण बोटीचं तोंड पाण्यात दबलं, पुढचा तळ जवळजवळ निम्म्यापर्यंत ओला दिसू लागला आणि प्रत्येक लाटेला ती उजवीकडे झटका खाऊ लागली.

टॅबचा जोर किती जबरदस्त असतो याचा अंदाज हवा म्हणून: ४० बाय ३० मिलिमीटरची टॅब ४८ किलोमीटर वेगात एक-दोन अंश खाली असेल तर ढोबळमानानं अर्ध्या किलोच्या आसपास उचल देते. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बोटीच्या एका कोपऱ्याला अर्धा किलो. ही उचल उजवी कड वर आणते, तसंच शेपूटही उचलते आणि तोंड खाली दाबते. शिवाय एका बाजूची ओढ वाढून बोट उजवीकडे खेचली जाते. शून्य कलाचा हट्ट धरला तर तो वेगात आणि वळणात वसूल होतो. दोन अंशांचा कल डोळ्यांना दिसतो, बोटीला त्रास देत नाही. टॅब परत ०.६ वर आणून तिथंच ठेवली.

०.६ ला तोंड किंचित खाली राहत होतं. त्यासाठी बॅटरी मागे सरकवली: गुरुत्वमध्य मागच्या पाटीपासून २०४ मिलिमीटरवर होता, म्हणजे लांबीच्या ३० टक्क्यांवर, तो १९७ वर आणला. याहून मागे नेल्यावर बोट बेडकासारख्या उड्या मारू लागते. डावी टॅब थोडी वर घेऊनही तोंड उचलता आलं असतं, पण टॅब पाण्यापासून एकदा सुटली की पुढे वाकवून काही मिळत नाही, आणि शेपटीचा आधार मात्र जातो.

शेवटी वजनाचं मदतनीसाचं काम. थांबलेल्या बोटीला एकदम पूर्ण थ्रॉटल दिलं की टॉर्क लगेच येतो, वेग मात्र नसतो, त्यामुळे टॅब त्या अर्ध्या सेकंदात निकामी असते. तेव्हाच बोट उजवीकडे झोकांडी खाते. बॅटरी ६ मिलिमीटर डावीकडे घेतली: ३९० ग्रॅम गुणिले ०.६ सेंटिमीटर, २३४ ग्रॅम-सेंटिमीटर, पूर्ण टॉर्कच्या आठ टक्के. उभ्या बोटीचा कल यानं फक्त सव्वा अंश होतो. उरलेलं काम बोटांचं: अर्ध्या थ्रॉटलवर बोट पाण्यावर उचलू द्यायची, मग पुढे. ईएससीत सॉफ्ट स्टार्टची, म्हणजे मोटर हळूहळू उचलण्याची, सोय असेल तर ती मधल्या खुणेवर ठेवावी.

सुकाणूला रिमोटवरून डावीकडे तीन क्लिक ट्रिम दिला, पंख्याची आणि टॅबची उजवी ओढ फेडण्यापुरता. कल काढण्यासाठी सुकाणू वापरू नये. डावीकडे धरलेलं सुकाणू खालून ढकलून उजवा कल थोडा कमी करतं खरं, पण मग बोट सतत आडव्या सुकाणूचा ब्रेक ओढत धावते.

डावं वळण आता पूर्ण वेगाच्या ७० टक्क्यांपर्यंत निर्धास्त घेता येतं. पूर्वी पालथी होण्याचं कारण सरळ होतं: व्ही तळाची बोट डावीकडे वळताना डावीकडे कलायला हवी, आणि उजवा कल तिला तसं करू देत नव्हता. ती सपाट राहून बाहेरची कड पाण्यात रोवत होती. पूर्ण थ्रॉटलला डावीकडे झटका अजूनही देऊ नये. एका पंख्याच्या बोटीला चांगली बाजू आणि वाईट बाजू राहणारच. डाव्या हाताच्या पंख्याच्या शर्यती उजव्या वळणांच्या असतात त्याचं हेच कारण.

सुचवलेला एक उपाय, जो करू नये

जेल रोडवरच्या एका दुकानात सांगण्यात आलं की मोटरच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करा, मोटर उलटी फिरेल, पंखा उजव्या हाताचा लावा, कल जाईल. वायरी बदलल्यानं मोटर उलटी फिरते हे बरोबर. पण कल जात नाही, डावीकडे येतो. आणि नुकसान वेगळंच होतं: फ्लेक्स शाफ्टची तार एका दिशेच्या पिळासाठी गुंडाळलेली असते. योग्य दिशेला ओझ्याखाली ती आवळत जाते, उलट दिशेला उसवते, फुगते, नळीत घासते आणि तुटते. उजव्या हाताचा पंखा लावायचा तर शाफ्टही त्या दिशेचा लागतो.

ही सगळी जुळवणी पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीची आहे. टगबोट किंवा युद्धनौकेच्या सावकाश चालणाऱ्या मॉडेलला टॅबनं काही होत नाही, कारण टॅबला हवा तो वेगच तिथं नसतो. तिथं वजन शक्य तितकं तळाशी बसवावं, मोठ्या पंख्याचे फेरे कमी ठेवावेत, किंवा उलटसुलट फिरणारे दोन पंखे घ्यावेत, म्हणजे एकाचा पीळ दुसरा फेडतो. बऱ्याच टॉर्पेडोत एकाच अक्षावर उलट फिरणारे दोन पंखे असतात ते याचसाठी: त्याला ना रुंदी ना कड, पिळाला रोखायला काहीच नसतं.

उजव्या टॅबचं ०.६ हे माप मार्करनं झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं आहे, सोबत पंख्याचा व्यास आणि बॅटरीची जागाही, डाव्या कडेपासून आणि पाटीपासून मोजलेली. पंखा बदलला तर टॅब पुन्हा पातळीपासून सुरू करायची. बोट आता उभी ठेवली जात नाही. थर्माकोलच्या दोन खाचांवर आडवी असते, मागची खाच पाटीच्या दहा सेंटिमीटर पुढे, टॅब दोन्हीकडून मोकळ्या.